निशाणावरचा हिरवा डाग

ग्लाफिरा येर्मोलायेव्नाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चारला बंब पेटला नाही तर सहाला पाणी उकळत नाही, आणि सहाला उकळलं नाही तर आठशे जवानांच्या पायपट्ट्या वेळेत वाळत नाहीत. पायपट्टी म्हणजे बुटात मोज्याऐवजी गुंडाळायचं फडकं. तीनदा उकळी, दोनदा खळबळणं. दोन उकळ्यांत भागतं म्हणणारी एकही बाई तिने धोबीखान्यात आठवडाभर टिकू दिली नाही.

व्होल्गेकाठच्या त्या छावणीत तिची सत्तावीस वर्षं गेली होती. पलटण तिथे तिच्याआधीची. एकेचाळीसच्या हिवाळ्यात याच काठावर उभी राहिली, लढत लढत डॅन्यूबपर्यंत गेली आणि शेचाळीसला परतली. मूळच्यांपैकी साठ-सत्तर माणसं उरली होती, पण निशाण तेच होतं, लाल रेशमाचं, पिवळ्या अक्षरांचं. फौजेचा नियम असा की माणसं पडली तरी पलटण राहते. निशाण गेलं की पलटण मोडीत.

एकोणनव्वद साली सरकारने फौज कमी करायला घेतली. जिल्ह्यातल्या दोन पलटणींपैकी एक जाणार होती. जाणारी ही निघाली तर धोबीखाना जाणार आणि त्याबरोबर ग्लाफिराची छावणीतली खोलीही. पेन्शनला अजून दोन वर्षं होती.

कोणती ठेवायची ते ठरवायला जनरलची तपासणी एप्रिलच्या एका गुरुवारी, सकाळी अकराला. बर्फाखालून निघालेलं गवत पिवळं पडलेलं. पलटणीचा प्रमुख कर्नल ओझेरोवने नेहमीचा उपाय केला. बुधवारी संध्याकाळी एक अख्खी कंपनी ब्रश घेऊन गवताला हिरवा रंग देत बसली. मोठे साहेब यायचे म्हटलं की हे ठरलेलंच. फक्त थंडीत तेलाचा रंग रात्रीत वाळत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी आठला रंगीत तालीम सुरू असताना निशाणवाला घसरला. निशाण गवतावर.

स्टोअरचा सुभेदार झाब्रोद्को धावतच आला. "ग्लाशा मावशी, मेलो!"

"मेलेला माणूस एवढा धापा टाकत नाही. काय झालं?"

मागून निशाण आलं आणि निशाणामागून बंदूकधारी पहारेकरी. तो ओल्या पायपट्ट्यांच्या रांगेत सावधान उभा राहिला.

"ह्याला बाहेर काढ. वाट अडवतोय."

"नाही काढता येत, मावशी. निशाण तिथे पहारा."

"मग राहू दे. दोरीला एक खांब कमीच पडत होता." तिने त्याच्या खांद्यावर एक पट्टी टाकली. पहारेकऱ्याचे ओठ हलले, पण तो हसला नाही. पहाऱ्यावर हसायला बंदी.

डाग तळहाताएवढा होता, अक्षरांना लागून. भोवती फराटा.

"हे पुसलं कुणी?"

"मी. जरासं. बाहीने."

"तुझी बाही सत्तावीस वर्षं मी धुतेय, झाब्रोद्को. तिच्यापेक्षा हा रंग स्वच्छ."

तिने आधी बंबातली आग विझवली, खिडक्या उघडल्या, मगच पेट्रोल मागवलं. डागाखाली जुनी पट्टी घडी करून ठेवली. कापसाचा बोळा, कडेकडून मध्याकडे, नुसतं टिपायचं. रंग खालच्या पट्टीत उतरला की पट्टी बदलायची. वर बटाट्याचं पीठ भुरभुरायचं, थांबायचं, झटकायचं, पुन्हा पहिल्यापासून. कर्नल दारात येऊन पाय बदलत उभा राहिला.

"ग्लाफिरा येर्मोलायेव्ना, जरा जोर लावा ना."

"जोर पायपट्ट्यांना, साहेब. रेशमाला वेळ लागतो. तुम्ही उजेड अडवताय."

कर्नल बाजूला झाला. अडतीस पट्ट्या बदलल्या. पावणेअकराला डाग नव्हता. पिवळ्या दोऱ्यात पुसट सावली तेवढी राहिली, आणि वास.

ती कुंपणाआड उभी राहून पाहत होती. जनरल निशाणापाशी थांबला. हवा हुंगली.

"पेट्रोल?"

"मोटारवाली पलटण आहे, साहेब," कर्नल म्हणाला.

जनरल हसला. पुढे जाऊन त्याने सहा जवानांना बूट काढायला लावले. पायपट्ट्यांच्या सहाही जोड्या पांढऱ्याशुभ्र. त्याने एक पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, परत दिली.

"असं काम असेल तर ठीक आहे," एवढंच बोलला.

आदेश जुलैत आला. ही पलटण राहिली. मोडीत निघालेल्या दुसऱ्या पलटणीच्या धोबीखान्यातल्या दोघींना ग्लाफिराने हट्टाने आपल्याकडे घेतलं आणि पहिल्याच दिवशी दोघींना रडवलं. पुढची दोन वर्षं ती एकदाही रजेवर गेली नाही.

पेन्शन झाली त्याच महिन्यात साठवलेल्या पगारातून तिने नदीपलीकडच्या गावात दोन खोल्यांचं लाकडी घर घेतलं. चूल विटांची, विहीर अंगणात. छप्पर गळत होतं, तेही तिच्याच पैशाने बदललं. दाराला कुलूप बसवलं आणि किल्ली गळ्यात घातली. त्या घरातून तिला कुठलाही सरकारी आदेश बाहेर काढू शकत नव्हता.