आतेला कोण हाक मारतंय?

आते मेलबर्नला येऊन अकरा दिवस झाले होते आणि अकराही दिवस मी तिच्यावर रागावलेलो होतो.

आते म्हणजे माझी सख्खी आत्या. वय अडुसष्ट, मुक्काम अलिबाग. तिथे तिने चाळीस वर्षं घरगुती खानावळ चालवली, आणि तिच्याच घरी राहून मी पाचवी ते बारावी शिकलो. मी तिला 'आते' म्हणायचो म्हणून जेवायला येणारी माणसं म्हणू लागली, मग गल्ली म्हणू लागली, मग पोस्टमनसुद्धा. अशा या बाईला मी मोठ्या प्रेमाने तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात बोलावलं आणि विमानतळावरून वेरिबीला घरी पोचेपर्यंत दोनदा ओरडलोही. (मागच्या सीटवर मांडी घालून बसली होती. पट्टा न लावता!)

दुसऱ्या दिवशी तिने कुंपणावरून शेजारच्या ग्रेगला बेसनाचे लाडू दिले.

"आते, इथे असं न विचारता कोणाला काही देत नाहीत!"

"विचारलं की. लाडू खाणार का म्हटलं, तर हो म्हणाला."

"कुठल्या भाषेत विचारलंस?"

"मराठीत."

(ग्रेग 'ओह' म्हणाला असणार. आते त्याचं 'हो' ऐकणार.)

चौथ्या दिवशी तिने गॅसवर सुके बोंबील भाजले. घरातले तिन्ही स्मोक अलार्म एकदम कोकलायला लागले, मी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो, आणि माझा बॉस "मेट, शुड यू बी लीव्हिंग द बिल्डिंग?" असं विचारत होता. त्या दिवशी मी तिला स्वयंपाकघर बंद केलं. "तू आराम कर. टीव्ही बघ. कशाला हात लावू नकोस!" ती गुपचूप सोफ्यावर जाऊन बसली आणि फूटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, मॅच बघू लागली. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "यांच्यात आउट कधी होतात रे?"

मग शनिवारी केतकीने, म्हणजे माझ्या बायकोने, मला गराजमध्ये बोलावून सांगितलं, "आत्या विचारत होत्या, परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का."

माझं डोकंच फिरलं. "अलीकडचं? तीन महिन्यांसाठी आलीये ना ती? अकराव्या दिवशी परत? काय कमी पडलंय तिला इथे? बसून तर असते!"

"उद्या आपण बाहेर जेवायला जाऊ," केतकी म्हणाली. "आणि तू तोंड जरा कमी उघड."

कुठे जायचं ते आमच्या तेरा वर्षांच्या कन्येने ठरवलं. इराला वर्गातल्या मैत्रिणीने एक फिलिपिनो हॉटेल सांगितलं होतं.

"तिथे आतेला काय मिळणार?" मी.

"फिश," इरा फोनमधून मान न काढता म्हणाली.

रविवारी दुपारी साडेबाराला आम्ही पोचलो. पार्किंग मिळायला पंचवीस मिनिटं लागली (रागावलो). बुक केलेलं टेबल नेमकं स्पीकरखाली होतं (पुन्हा रागावलो). पलीकडच्या लांबलचक टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता आणि फुलाफुलांचा शर्ट घातलेले साठीचे एक गृहस्थ भरदुपारी कराओकेवर विरहगीत गात होते. गाणं संपलं की ते यंत्र तुतारी वाजवून गायकाला शंभरपैकी मार्क द्यायचं. गृहस्थांना एक्क्याऐंशी पडले.

"चांगलं आहे की," आते म्हणाली. अकरा दिवसांत पहिल्यांदा ती हसली होती. मग तिने नाक वर करून वास घेतला. "मंदार, इथे कुणीतरी सुकी मासळी तळतंय!"

आंबट सूप आलं. आतेने चमचाभर प्यायलं आणि डोळे मिटले. "ही तर चिंचेची कढी. फक्त फोडणी विसरलेत." मी जरा सैलावलो. म्हटलं, जमतंय.

तेवढ्यात दोन्ही हातांवर गोंदवलेला एक अगडबंब वेटर आमच्या मागून ओरडला, "आते!"

"ओ!" आते ताडकन वळली.

"तुला नाही बोलावलं. जेव."

"आते म्हणाला ना तो?"

"तो काहीतरी त्यांच्या भाषेत म्हणाला. सूप पी."

दोन मिनिटांनी काउंटरवरची मुलगी ओरडली, "आते! आते!" मग स्वयंपाकघरातून कोणीतरी. मग वाढदिवसाच्या टेबलावरून तिघं जण एकदम! आते दर हाकेला अर्धी उठायची आणि मी तिला दंडाला धरून खाली बसवायचो. चाळीस वर्षं या हाकेला उठलेली बाई. तिचे गुडघे माझं ऐकेनात.

"अरे, मला नाही तर कोणाला बोलावतायत?"

"मला काय माहीत! सगळ्या जगात तू एकटीच आते आहेस का?" मी खेकसलो.

केतकीने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. मी नडगी चोळायला वाकलो, वर आलो, तर आतेची खुर्ची रिकामी!

"आत्या कुठे गेल्या?" केतकीने विचारलं.

"किचन," इरा म्हणाली.

"किचन? आणि तू बघत बसलीस?"

"दे कॉल्ड हर, बाबा. शी वेंट."

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. माझी आत्या, पंजाबी ड्रेसवर लाल एप्रन बांधून, तळलेल्या माशांचा भला मोठा ट्रे घेऊन बाहेर आली, वाढदिवसाच्या टेबलावर तो ठेवला, दोन माणसांना हाताने सरकवून पंगत सरळ केली आणि पुन्हा आत गेली.

आता मात्र माझा संयम संपला. (तो कधी सुरू झाला होता, असं केतकी विचारते.) मी उठलो. आणि इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. फुलाफुलांच्या शर्टवाल्या गृहस्थांनी आपलं पुढचं गाणं लावलं होतं, पण हातात नूडल्सची प्लेट आल्यामुळे माइक घटकाभर आमच्या टेबलावर ठेवला होता. चालू!

"एक्स्क्यूज मी!" मी टेबलावर मूठ आपटून गरजलो. "धिस इज माय आंट! शी इज सिक्स्टी-एट! शी केम हिअर टू रेस्ट!"

माझा आवाज छतातून परत आला. मला वाटलं, रागाला धार चढली की असा घुमतो. मी आणखी चढलो.

"यू सी अ पुअर ओल्ड लेडी, अँड यू मेक हर वर्क? धिस इज ऑस्ट्रेलिया! वी हॅव लॉज! शी हॅज नीज!"

(मला 'तिचे गुडघे दुखतात' म्हणायचं होतं.)

मागे व्हायोलिनं सुरू होती. हॉटेलातले साठ लोक हातातले काटे-चमचे थांबवून माझ्याकडे बघत होते. इराने जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती.

"बाबा, स्टॉप. आय अ‍ॅम बेगिंग यू."

"हू इज इन चार्ज हिअर?" मी विचारलं.

अगडबंब वेटर हात बांधून अदबीने म्हणाला, "आते, सर."

स्वयंपाकघराच्या दारातून माझी आत्या आली. "ओ! काय रे, का बोंबलतोयस?"

तिच्या मागोमाग तेवढ्याच वयाची, तशीच लाल एप्रनवाली, केसांना जाळी लावलेली एक बाई आली. हॉटेलची मालकीण, लूझ. कोपरापर्यंत पीठ.

"यस? आय अ‍ॅम आते," ती म्हणाली.

"मी पण," आते म्हणाली. मराठीत.

इराने टोपीतून तोंड बाहेर काढलं. "बाबा, आते मीन्स बिग सिस्टर. त्यांच्यात सगळ्या मोठ्या बायकांना म्हणतात. माझी मैत्रीण तिच्या ताईला रोज म्हणते."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"यू नेव्हर आस्क्ड."

त्याच क्षणी व्हायोलिनं थांबली, यंत्राने तुतारी फुंकली आणि पडद्यावर चांदण्यांसकट आकडा झळकला. चौऱ्याण्णव! लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त शर्टवाले गृहस्थ वाजवत नव्हते.

मी खाली बसलो. आते शेजारी येऊन बसली आणि पदर नसल्यामुळे तिने एप्रनला हात पुसले.

"त्यांनी मला कामाला नाही लावलं रे," ती हळू आवाजात म्हणाली. "हाक आली म्हणून मी आत गेले. ती बाई एकटी मासे तळत होती, उलटायला कोणी नव्हतं. मी उलटले. तिने मला खुर्ची दिली, मी नाही बसले. अकरा दिवस बसलेच आहे." मग म्हणाली, "तुझ्या घरी तू आते म्हणालास की पुढे नकोच येतं. 'आते, नको.' 'आते, हात लावू नकोस.' इथे नुसतं आते म्हणाले. बरं वाटलं."

मला पुन्हा राग आला, पण या खेपेला कोणावर काढावा ते ठरेना. शाळेत असताना संध्याकाळी पंचवीस पानं वाढून झाल्यावर ती माझ्याजवळ अशीच, पदराला हात पुसत बसायची आणि माझी कविता पाठ करून घ्यायची. मी डोळे पुसले. (कांद्याचा धूर होता, असं मी केतकीला सांगितलं. कांदा कुठेच नव्हता.)

"चुकलं, आते," मी म्हणालो.

"मासा खा," ती म्हणाली.

तिकीट बदललं नाही. आता दर गुरुवारी दुपारी आते लूझकडे जाते. "व्हिसावर काम करता येत नाही!" असं मी घाबरून सांगितलं, तर म्हणाली, "काम कोण करतंय? आम्ही गप्पा मारतो." एक मराठीत, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघींचं एकमेकींना सगळं पटतं.

मी तिला घ्यायला जातो. मी आत शिरलो की आजही दोन-तीन टेबलं आशेने माइककडे बघतात. एव्हाना तिथे आमच्या घरातल्या सगळ्यांना नाती मिळाली आहेत. केतकी आते झाली, इरा धाकटी बहीण. पुरुष माणसाला ते 'कुया' म्हणतात, म्हणजे दादा. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस कुया, पार्सल आणणारा कुया, रस्ता विचारायला डोकावलेला अनोळखी गोरासुद्धा कुया.

मी आलो की मात्र तो अगडबंब वेटर दोन पावलं मागे सरकतो, हात बांधतो आणि म्हणतो, "वेलकम, सर."