काठोकाठ भरलेला कप

पंगतीत बसताना आमचे ड्रिल मास्तर उजवा पाय पत्रावळीच्या बाजूने सरळ पुढे पसरायचे. वाढपी वळसा घालून जात. कोणीतरी टोमणा मारीच, “मास्तर, पंगतीत बी कोर्ट आखून राह्यले काय?” मास्तर हसून भाजी मागत. तो गुडघा वाकत नव्हता. का, ते कोणी विचारले नव्हते.

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. शाळेच्या फोटोत कडेला उभे असणारे. आमच्या मास्तरांनी नेरच्या शाळेत मातीचे बास्केटबॉलचे मैदान केले होते. रोज सकाळी ते त्यावर स्वतः पाणी मारत.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. यवतमाळच्या संघाशी अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता आणि त्याआधी उडी मारून उतरताना माझा गुडघा पिळवटला. आमच्या बंजारा तांड्यावर माझ्या वडिलांनी, बापूंनी, एरंडेल लावून, रुईची पाने शेकून बांधली. सूज उतरली. मला वाटले, झाले.

मास्तरांची परीक्षा मात्र एकच. काठोकाठ भरलेला चहाचा कप हातात घ्यायचा, उकिडवे बसायचे आणि उठायचे. चहा सांडला तर खेळ बंद. “गुडघ्याले विचार, मले नको,” असे ते म्हणत.

सामन्याच्या सकाळी मी बसण्याआधी हळूच दोन घोट घेतले.

“काहून बे, तहान लागली काय?” म्हणत त्यांनी कप पुन्हा भरला.

बसलो. उठताना गुडघा आतल्या आत सटकला आणि चहा सदऱ्यावर आला.

हेडमास्तर तिथेच होते. एकच सामना आहे, पट्टी आवळून उतरवा, असे त्यांचे म्हणणे. मास्तर आवाज न चढवता म्हणाले, “साहेब, सामना आजचा हाय. ह्याले तांड्यातून रोज चालत शाळेत या लागते. पाय गेला त शाळा गेली.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मीबी एकदा असाच पट्टी बांधून उतरलो होतो.”

आम्ही हरलो. मुलांनी मास्तरांशी बोलणे टाकले, आणि खरे सांगायचे तर मीही गाल फुगवून होतो. दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीसारखे मैदानावर पाणी मारत होते. मला बाकावर बसवून त्यांनी पायाला वाळूची पिशवी बांधली. पाय हळूहळू सरळ करायचा, तसाच हळूहळू खाली आणायचा. पावसाळाभर हेच. मी कंटाळलो की म्हणत, “घाई कायले? गुडघा काय कुठं पळून जाते?”

दिवाळीनंतर कप पुन्हा भरला. बसलो, उठलो. एक थेंब सांडला नाही. मास्तरांनी तो चहा स्वतः पिऊन टाकला आणि चेंडू माझ्याकडे फेकला. “आता उड.”

त्या हिवाळ्यात मी खेळलो. त्याच पायांनी शाळा संपवली आणि पुढे यवतमाळला कॉलेजात गेलो. बी.ए. झालो तेव्हा बापूंनी तांड्याला जेवण दिले. त्या सकाळी मास्तरांना जेवायला बोलवायला मीच नेरला गेलो, तर मास्तर उन्हाळ्यातच वारल्याचे कळले. मैदान कोरडे पडले होते. मी विहिरीवरून बादल्या आणून पाणी मारून आलो.

संध्याकाळी बापूंनी पंगत मांडली. माझ्या शेजारी मास्तरांची पत्रावळ मांडून तिच्या बाजूला त्यांनी एका पायापुरती जागा सोडली होती. मी मांडी घालून बसलो. वाढपी वळसा घालून गेले.