मुहूर्ताची गाडी

मंडळी, आज परळच्या शोरूममधून नवीन गाडी घेतली. डोकं अजून तापलेलंच आहे.

विमा मी बाहेरून स्वस्तात ठरवला होता. सेल्समन म्हणाला, "सर, मग डिलिव्हरी आज नाही होणार. उद्या बघू."

मी आवाज चढवला. तो हळूच म्हणाला, "खरं सांगू का, नुसत्या गाडीवर आम्हाला फार सुटत नाही. सुटतं ते विमा आणि ॲक्सेसरीजवर."

मागे आई आरतीचं ताट घेऊन उभी. "रे झिला, मुहूर्त टळतलो. कर ती सही."

त्यांच्याच महागड्या विम्यावर मुकाट सही केली.

बुकिंगच्या दिवशी त्याने आईला विचारलं होतं, "मावशी, मुहूर्त कितीपर्यंत आहे?" तेव्हा मला तो फार संस्कारी मुलगा वाटला होता.

तुम्हाला कोणी विचारलं, तर खरा मुहूर्त सांगाल का?