एकादशीची भरती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर माझं बोलणं ऐकता ऐकता चहा सांडलात, तर आमची ही फडकं मलाच आणायला लावेल.

बत्तीस वर्षं मी श्रीवर्धनला भूगोल शिकवला. भरती-ओहोटी हा माझा हातखंडा धडा! पुस्तकातला चंद्र संपला की मी आपलं कोकणातलं गणित फळ्यावर मांडायचो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हजर! चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. एकदा हरेश नावाच्या कोळ्याच्या पोराला विचारलं, "आज भरती कधी?" तर तो खिडकीतून समुद्राकडे बघायला लागला. मी त्याला बाकावर उभं केलं. भरती बघायची नसते, काढायची असते!

हा हरेश लक्षात ठेवा.

गेल्या मे महिन्यात आमचे जावई निखिलराव पुण्याहून आले. एकटेच. आमची नात मुक्ता, वय वर्षं आठ, हिला सुट्टीत महिनाभर आमच्याकडे ठेवायचं की नाही, याची पाहणी करायला! "बाबा, समुद्र इतका जवळ... आणि तुमचं आता वय..." एवढं बोलून थांबले. जावई लोक अशा ठिकाणी बरोबर थांबतात.

मला अशी तिडीक आली म्हणता! वर्षभर त्या पोरीची वाट बघतोय मी. सुपारीच्या वाडीत तिच्यासाठी झोपाळा बांधून ठेवलाय. आणि सोसायटीच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात पोहणारा हा गृहस्थ मला समुद्र शिकवतो?

"चला किनाऱ्यावर," मी म्हटलं. "दाखवतोच तुम्हाला."

किनाऱ्यावर हरेशचा जेटस्कीचा धंदा आहे. जेटस्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल हो. दुपारचे चार वाजलेले.

"हरेश, चावी दे. मी चालवणार, जावई मागे."

"सर, आता नको," हरेश म्हणाला. "वारा वाढलाय, त्यात ओहोटी लागली हाय. खाडीच्या तोंडाला पानी उसलतंय. उद्या सकाली या, मी सोता नेतो."

"ओहोटी? आज तिथी कोणती?"

हरेश समुद्राकडे बघायला लागला. जुनी सवय.

"एकादशी! अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे आठला भरती, दोनला ओहोटी संपली. आता पाणी आत येतंय. उलटलो तरी समुद्रच आणून सोडेल."

"पन सर, वालू बघा ना, वरपर्यंत ओली हाय. पानी मागं गेलंय."

"पुन्हा बघायला लागलास?"

निखिलराव माझ्याकडे आदराने पाहू लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच! मग माघार कोण घेतो?

हरेशने आम्हाला लाइफ जॅकेटं चढवली. माझ्या मनगटात एक दोरी अडकवली. चालवणारा पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. मग हात जोडून म्हणाला, "सर, किनारा धरून चालवा. खाडीकडं न्हाय जायचं."

मी कुठे गेलो असेन? बरोबर.

खाडीचं पाणी बाहेर धावत होतं, समुद्राचा वारा त्याला आत रेटत होता, आणि त्या दोघांच्या भांडणात आम्ही! एकेक लाट अशी आपटायची की माझी कवळी माझ्या आधी उडी मारते की काय असं वाटलं. मी जन्मभर मोपेड चालवलेली. घाबरलो की ॲक्सिलरेटर सोडायचा, हे हाडात मुरलेलं. सोडला. तेव्हा कळलं की या यंत्राला जोर दिला नाही तर ते वळतच नाही! मी हँडल फिरवतोय आणि ते आपलं सरळ अरबस्तानाकडे निघालंय.

"बाबा, वळवा!"

"वळवतोय!"

"पण पाणी आपल्याला आत आणणार होतं ना?"

किनाऱ्यावर हरेश दोन्ही हात हलवत नाचत होता. "बघा," मी ओरडलो, "शाबासकी देतोय!"

पुढच्या लाटेने दोघांनाही पाण्यात फेकलं. दोरी निसटली, इंजिन बंद पडलं. त्या सगळ्या सफरीत आपलं काम नीट केलं ते त्या दोरीने. आणि खरं सांगतो, तिथे माझी बोबडी वळली. स्वतःसाठी नाही. मुक्ताच्या बापाला मी बुडवला तर त्या पोरीला कुठल्या तोंडाने भेटू, एवढंच डोक्यात होतं.

हरेश होडी घेऊन आला. आधी जावयांना वर घेतलं, मग मला कॉलरला धरून ओढलं. मी शाळेत त्याचा कान धरायचो, त्याने निदान कॉलर धरली.

"सर, आज तीज हाय. सव्वादोनला भरती झाली."

"एकादशी!" मी खारं पाणी थुंकत म्हणालो.

"बाबा," निखिलरावांचे दात वाजत होते, "हे घरी जाऊन ठरवा."

घरी ही टॉवेल घेऊन दारात उभी. मी गरजलो, "आज एकादशी आहे की नाही?"

"कसली एकादशी?"

"मग सकाळी साबुदाण्याची खिचडी का केली होतीस?"

"अहो, जावयांना आवडते म्हणून केली!"

कॅलेंडर माझ्या ताटापासून दोन हातांवर टांगलेलं होतं, बरं का. पण बघायचं कशाला? मी काढणारा माणूस!

वाटलं, आता मुक्ता काही येत नाही. पण निखिलराव सज्जन. जाताना म्हणाले, "मुक्ताला पाठवतो, बाबा. फक्त पाण्यात जायचं ते हरेशच्या परवानगीने. तिनेही आणि तुम्हीही."

आठवड्याने मुक्ता आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोहण्याचे कपडे घालून स्वयंपाकघरात गेली, कढईत डोकावली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आजोबा, आज पोहे आहेत. भरती किती वाजता?"