विहिरीच्या तळाशी आम्ही दोघं

सतरा वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मला स्वतःच्या जिल्ह्यात एकदाच पोस्टिंग मिळाली. ठिकाण सिरसाळा. माझं गाव आष्टीकडचं, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. घरी जायची परवानगी नव्हती. मी लष्करात हवालदार होतो, इंटेलिजन्सच्या कामावर. लष्कराच्या एका डेपोतून डिटोनेटर गायब झाले होते आणि त्यांचा माग सुरुंग लावून विहिरी खोदणाऱ्या एका टोळीपर्यंत आला होता. त्या टोळीत मी बाळू या नावानं कामाला लागलो. काम सुरुंगाच्या वायरी जोडायचं.

घरी सांगितलं होतं, नॉर्थला आहे. रविवारी बायकोचा फोन यायचा.

"तिकडं थंडी हाय का?"

"हाय."

"स्वेटर घालता न्हवं?"

"घालतो."

एप्रिल होता. पत्र्याच्या खोलीत अंगावर बनियनसुद्धा सहन होत नव्हतं. फोन ठेवला की पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी खऱ्या नावानं बोलणारं कुणी नसायचं. पाच महिने असेच गेले.

टोळीचे कॉम्प्रेसर आणि पंप दुरुस्त करायला रफिक मिस्त्री यायचा; सिरसाळ्यात त्याचं दुकान होतं. चाळिशीचा, जाडजूड माणूस. कमी बोलायचा, पण प्रश्न फार विचारायचा. मला त्याचा पहिल्या आठवड्यातच संशय आला. माझे रिपोर्ट एका अधिकाऱ्याकडे जात. त्यांना मी दोनदा लिहिलं, डिटोनेटर पुरवणारा हाच दिसतो. उत्तर यायचं, नजर ठेव.

खरं तर रफिक राज्य पोलिसांचा माणूस होता, तोही वेषांतर करून आलेला; हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याचे रिपोर्ट त्याच अधिकाऱ्याकडे जात होते आणि त्यात संशयित म्हणून माझं नाव होतं. दोन्ही खात्यांचा दुवा तो एकच अधिकारी होता. त्यानं आम्हाला एकमेकांबद्दल कधी कळू दिलं नाही.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला त्या अधिकाऱ्याचा फोन आला.

"माल विहिरीच्या तळाला लपवलाय. मिस्त्री आज खाली उतरेल. बरोबर राहा."

"येस सर."

रफिकलाही असाच फोन गेला होता, हे नंतर कळलं.

विहीर डोंगराच्या पायथ्याला, वस्तीपासून लांब होती. खोली पंचेचाळीस फूट. साडेबाराला क्रेनच्या बकेटमधून मी उतरलो. खडकातली भोकं दारूनं भरून तयार होती. पाठोपाठ टोळीच्या मुकादमानं रफिकला पाठवलं, पंप अडकलाय म्हणून. मी वायरी जोडल्या आणि वर ओढा म्हणून हात केला. बकेट हलली आणि रिकामीच वर गेली. मग कॉम्प्रेसर बंद झाला.

मुकादम काठावर आला. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती.

"हवालदारसाहेब, राम राम! आन् मिस्त्री, तुमी तर पोलीस निघालात की. तुमच्या सायबानं दोघांची बी नावं दिली आमाला."

तो गेला. सुरुंग उडवायचं यंत्र शंभर मीटरवर, लिंबाखाली होतं. चालायला दोन मिनिटं.

मी वायरीकडे वळलो. रफिकनं पाना उगारला.

"हात लावशील तर डोकं फोडीन."

"त्यानं मला हवालदार म्हटलेलं ऐकलंस ना?"

"नाटक बी असंल. वायरी तूच जोडल्यास न्हवं?"

समजावायला वेळ नव्हता. मी दोन पावलं मागं सरलो.

"मग तूच तोड. वर जाणारी ती लाल दुहेरी वायर. ओढ, आणि खालची दोन्ही टोकं एकमेकांना पिळून टाक, म्हणजे उडणार नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वायर ओढली. मग टोकं पिळली. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "उडालं न्हाई बे!"

सुरुंग फुसका गेला की पंधरा मिनिटं जवळ जायचं नसतं, हा या धंद्यातला नियम. मुकादमाची दोन बोटं तो मोडल्यामुळेच गेली होती. तो थांबणार, हे मला ठाऊक होतं.

वर चढायला एकच साधन होतं, ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरला जोडलेला हवेचा रबरी पाईप. माझं वजन कमी, म्हणून आधी मी चढावं असं ठरलं.

"आन् वर जाऊन पळालास तर?" रफिकनं विचारलं.

"तर पळालो."

तो खाली वाकला. मी त्याच्या खांद्यावर उभा राहिलो.

वर पोचलो तेव्हा हातांची सालं निघाली होती. मुरमाच्या ढिगाआड पडून राहिलो. पलीकडे लिंबाखाली मुकादम धरून तिघं बसलेले दिसत होते. मागं तुराट्यांचं मोकळं रान. वाकून पळालो असतो तर सुटलो असतो. तसा विचार आला, हे लपवत नाही. किती वेळ गेला ते मोजलं नाही. मग मी पाईप घट्ट धरून पाय रोवले आणि चढ म्हणून दोनदा झटका दिला.

रफिक वर आला तेव्हा त्याला धड श्वास घेता येत नव्हता. म्हणाला, "मला वाटलं, गेलास."

मुकादमाची मोटारसायकल ढिगामागं उभी होती. रफिकनं किल्लीखालच्या वायरी उपसून जोडल्या. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. मी पुढं बसलो, तो मागं. तेवढ्यात त्यांनी पाहिलं. दोन गोळ्या झाडल्या गेल्या.

"लागलं?" मी ओरडलो.

"न्हाई. चल तू."

"सिरसाळा?"

"नगं. ठाण्यात बी नगं. कोण कुणाचा हाय, काय म्हाईत? अंबाजोगाईला चल. तिथं माझी माणसं हायत."

ही माणसं कोण, हा प्रश्न मला तेव्हाही पडला. तरी गाडी डोंगरातल्या कच्च्या रस्त्याला घातली. त्याचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती होते. अर्ध्या वाटेवर त्यानं विचारलं, "लेकरं किती तुला?"

"दोन."

"मला तीन पोरी."

घाट संपता संपता हातांची पकड सैल झाली. मागं हात नेला तर त्याचा शर्ट रक्तानं ओला लागला. मग मी माझ्या पट्ट्यानं त्याला पाठीशी बांधलं. तीन वाजायला दहा कमी असताना अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचलो.

"पेशंटचं नाव?" सिस्टरनं विचारलं.

"रफिक."

"पूर्ण नाव?"

"माहीत नाही."

"तुमचे कोण लागतात?"

मी म्हणालो, "माझ्या तुकडीतले."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी तो गेला. मी फोन केल्यावर आमच्या युनिटची माणसं रात्री आली. अधिकारी आणि मुकादम, दोघंही पकडले गेले. केस अजून चालू आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. रफिकचं खरं नावही लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. घर अंबाजोगाईतच, दवाखान्यापासून जवळ होतं; 'माझी माणसं' म्हणाला होता, ती हीच. त्या कामावर असताना पाच महिने तो घरी आला नव्हता.

"कसे राहात होते तिकडं?" त्याच्या बायकोनं विचारलं. "खातं तर काहीच सांगत न्हाई, भाऊ."

मला सगळं ठाऊक होतं. संशयित म्हणून मी त्याची रोजची नोंद ठेवली होती. मी सांगत गेलो. सकाळी सहाला दुकान उघडायचे. दुपारी बाभळीखाली एकटेच डबा खायचे. जुम्म्याला निळा शर्ट घालायचे. संध्याकाळी हॉटेलात बसून चहा प्यायचे, तीन चमचे साखर घालून.

"तीन?" तिनं डोक्यावरचा पदर सावरला. "शुगर होती त्यांना. घरात मी एक चमचा बी घालू देत न्हवते."

ती हसली, आणि मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. थोरली पोरगी चहा घेऊन आली. आम्ही तिघांनी तो घेतला.