तज्ज्ञांचे तीन भोंगे

गल्लीत त्यांना सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणत. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात तीस वर्षे नट-बोल्ट काढून दिले, एवढ्या शिदोरीवर ते जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल मत देत. बायको दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राही आणि घरी आली की ती मते ऐकून घेई.

तिच्या सासूबाई वरच्या खोलीत असत. वॉकर धरून खिडकीपर्यंत जाणे, एवढाच त्यांचा प्रवास. दार लावलेले, टीव्ही मोठा. खाली धूर झाला तर त्यांना कळणार कसे, हा घोर बायकोला लागलेला. म्हणून तिने धुराचा इशारा देणारी तीन बिनतारी यंत्रे आणली.

ती बसवायला अर्थातच तज्ज्ञ सरसावले. एक स्वयंपाकघरात, एक जिन्यात, एक वर. सोबतचे माहितीपत्रक त्यांनी न उघडताच कचऱ्यात टाकले. “कागद वाचून काम करतो तो कारागीर कसला?” स्टुलावर चढून त्यांनी एकेक बटण दाबले. एकेक यंत्र किंचाळले.

“झालं काम!”

“अहो, खालचं दाबलं तेव्हा वरचं गप्पच होतं.”

“आग खाली लागली तर वरच्यानं कशाला बोंबलायचं? काहीतरीच तुझं!”

दगडावर डोके आपटायची हौस तिला उरली नव्हती. तज्ज्ञ फिरायला गेल्यावर तिने कचऱ्यातून पत्रक काढले, चहाचा चोथा झटकला आणि वाचले. यंत्राच्या पोटात अंधारा कप्पा, त्यात बारीक प्रकाशझोत. धूर शिरला की उजेड विखुरतो, बाजूच्या इवल्या डोळ्यावर पडतो आणि यंत्र ओरडते. त्याच वेळी ते बाकीच्यांना रेडिओवरून संदेश धाडते. पण आधी तिघांची जोडणी करावी लागते. निळा दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचे, बस्स.

तिने दहा मिनिटांत ते उरकले आणि खालचे बटण दाबले.

“अगं, हे माझ्या डोक्यावर का केकाटतंय?” वरून सासूबाई ओरडल्या. तिला तेवढेच ऐकायचे होते.

पंधरा दिवसांनी भरदुपारी तज्ज्ञ गॅसवर बटाटे उकडत ठेवून शेजाऱ्याला पंप कसा बसवावा हे शिकवायला गेले. पाणी आटले, बटाट्यांचा कोळसा झाला. रिकाम्या स्वयंपाकघरातले यंत्र ओरडले, तसे वरचेही ओरडले. सासूबाईंनी खिडकी गाठून समोरच्या शिंप्याला हाक मारली. त्याने धावत येऊन गॅस बंद केला. तज्ज्ञ जाताना दार लावायला विसरले होते. त्या दिवशी त्यांचा झालेला उपयोग एवढाच.

निरोप मिळताच बायको दुकानातून धापा टाकत आली, तर दारात माणसे जमलेली आणि मधोमध तज्ज्ञ. “याला म्हणतात फिटिंग! आग खाली, आवाज वर. मुद्दाम तशीच योजना केली मी.”

ती आधी वर गेली. सासूबाई ठीक होत्या, फक्त चिडल्या होत्या. मग खाली येऊन तिने जळके पातेले सगळ्यांदेखत नवऱ्याच्या हातात दिले.

“हे घासा. याला माहितीपत्रक लागत नाही.”

तज्ज्ञांनी पातेले उलटसुलट करून पाहिले. “याचीसुद्धा एक पद्धत असते,” ते शिंप्याला म्हणाले.