किलोला किलो

सकाळी कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्यावर समवृत्ती वक्र काढला. एका बाजूला गहू, दुसऱ्या बाजूला तांदूळ आणि मधे आत वाकलेली रेघ. "या रेघेवर कुठेही उभं राहा, ग्राहकाचं समाधान सारखंच," सर म्हणाले. मला चीडच आली. पोटाचं समाधान खडूने मोजणारे हे कोण?

दुपारी रेशनच्या रांगेत माझ्यापुढे शेजारच्या शांताकाकू होत्या. या महिन्यात गव्हाऐवजी तांदूळच द्या, असा वरून कागद आला होता. दुकानदाराच्या मागे मात्र गेल्या महिन्यातलं अर्धं पोतं गहू होता.

"दोन किलो तरी गहू दे रे. ह्यांना शुगर आहे, भात बंद केलाय डॉक्टरांनी."

"काकू, वजन तेवढंच मिळतंय ना? मग झालं!"

"बरं, पाच किलो तांदूळ ठेव तुला. दोन किलो गहू दे."

"तोट्यात जाताय की हो!" तो हसला. रांगही हसली.

मला हसू येईना. फळ्यावरची रेघ का वाकते, ते मला आत्ता कळलं. घरातला गहू संपत आला की शेवटच्या मुठीसाठी माणूस तांदळाची रास द्यायला तयार होतो. कागद काढणाऱ्यांची रेघ मात्र सरळ, किलोला किलो. त्या रेघेवर काकूंचा नवरा जेवणार कसा?

"अहो, द्या ना त्यांना गहू!" मी ओरडलो.

"कागदात बसत नाही," म्हणत त्याने काट्यावरचा तांदूळ पिशवीत ओतला.

काकू माझ्याकडे वळल्या. "तुझ्या आईकडे वाटीभर ज्वारीचं पीठ असेल का रे? तांदूळ घेऊन जा, हवा तेवढा."